आधी सेल निवडा, मग टॉर्च

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. अंधारात हातात धरून उजेड पाडायची जी वस्तू, तिला आपण बॅटरी म्हणतो आणि तिच्या पोटात जे घालतो, त्यालाही बॅटरीच म्हणतो. ‘बॅटरीची बॅटरी संपली’ असं आपण सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. विजेरी हा देखणा शब्द बिचारा पुस्तकातच राहिला. आज घोटाळा नको म्हणून मी बाहेरच्या वस्तूला टॉर्च म्हणेन आणि आतल्याला सेल. पण खिशात मावणारा, स्वस्तातला आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलवर चालणारा टॉर्च घ्यायचा असेल, तर पहिला प्रश्न टॉर्चचा नसतोच. तो सेलचा असतो. आणि आपण नेमके उलटे जातो. टॉर्च बघून भुलतो, घरी आणतो आणि मग त्यात कुठला सेल बसतो ते शोधत बसतो.

माझा एक चांगला टॉर्च असाच गेला. दोन वर्षं खणात पडून होता. एका रात्री वीज गेली म्हणून बाहेर काढला, तर पेटेना. झाकण फिरवू लागलो, तर तेही फिरेना. सकाळी पक्कड लावून उघडलं तेव्हा आत सगळीकडे पांढरी भुकटी. वापरून टाकून द्यायचे अल्कलाइन सेल होते ते. त्यांच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते पाझरून बाहेर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा क्षार होतं आणि वाटेतली स्प्रिंग खाऊन टाकतं. सेल किरकोळ किमतीचे होते. गेला तो टॉर्च.

त्यानंतर मी चार्ज होणाऱ्या सेलकडे वळलो. त्यात दोन घराणी आहेत. पहिलं निकेल मेटल हायड्राइडचं. आकार अगदी आपल्या ओळखीचा, म्हणजे पेन्सिल सेलचा. पाकिटावर ‘डबल ए’ लिहिलेलं असतं. यावर लिहिलेलं असतं १.२ व्होल्ट, आणि साध्या सेलवर १.५. ते वाचून बरेच जण म्हणतात, हा कमजोर दिसतोय. तसं नाही. अल्कलाइन सेल दीडवर सुरू होतो खरा, पण वापर सुरू झाला की सतत उतरत जातो. चार्ज होणारा सेल १.२ च्या आसपास बराच वेळ ठाण मांडून बसतो आणि अगदी शेवटी झटकन खाली येतो. टॉर्चसारख्या भुकेल्या वस्तूला हाच स्वभाव मानवतो.

या सेलची जुनी खोड एकच होती. चार्ज करून ठेवले की काही आठवड्यांत आपोआप उतरायचे. ऐन वेळी रिकामे. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले आणि ती खोड बरीचशी मोडली. असे सेल वर्षभर नुसते पडून राहिले तरी त्यांच्यातला बराचसा चार्ज शिल्लक असतो. आता इतरही कंपन्या तसे सेल करतात. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘वापरायला तयार’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. आणि मोठ्या आकड्याला भुलू नका. मिलीअँपिअर अवर म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. २,००० मिलीअँपिअर अवरच्या सेलशेजारी २,७०० वाला ठेवलेला असेल तर हात आपसूक दुसऱ्याकडे जातो. पण पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी पहिलाच बरा. तो चार्ज जास्त दिवस धरून ठेवतो आणि सहसा जास्त वेळा चार्ज करता येतो.

चार्जर मात्र असा घ्या, जो प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देतो आणि भरला की थांबतो. सोबत फुकट मिळणारे काही चार्जर नुसतं घड्याळ लावून बसतात, सेल भरलेला असो की रिकामा, ठरलेले तास वीज ढकलत राहतात.

दुसरं घराणं लिथियम आयनचं, ३.६ किंवा ३.७ व्होल्टचं. यातला टॉर्चमध्ये सर्रास दिसणारा सेल म्हणजे १८६५०. आकडा भीतिदायक वाटतो, पण त्यात फक्त माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा आहे. एका पेन्सिल सेलच्या साधारण चौपट ऊर्जा यात मावते. ताकद आहे, म्हणून जबाबदारीही आहे. वेष्टन फाटलेला सेल वापरायचा नाही, किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, आणि चार्जर त्याच्याच जातीचा हवा.

शिवाय खोटेपणा इथेच सगळ्यात जास्त. चांगल्या १८६५० सेलची खरी क्षमता सहसा ३,५०० मिलीअँपिअर अवरच्या आसपास असते. वेष्टनावर ९,९०० छापलेलं दिसलं, तर तो सेल आणि तो विकणारा, दोघांनाही दुरून नमस्कार. असा सेल हातात घेऊन बघा. खरा साधारण ४५ ग्रॅम भरतो, खोटा बरेचदा पोकळ वाटावा इतका हलका असतो.

आणखी एक फसवं प्रकरण आहे, १४५०० नावाचं. हाही लिथियमचाच, पण दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल. व्होल्ट मात्र तिप्पट. काही टॉर्च दोन्ही सेल चालवतात, पण तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला. नाहीतर एका क्षणात सर्किट जळू शकतं. घरात लहान मुलं असतील आणि रिमोट, घड्याळ, खेळणी यांत सेलची अदलाबदल चालत असेल, तर हा सेल घरात आणूच नये असं माझं मत आहे.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर बहुतेकांना एका पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च पुरतो. बोटभर लांबीचा. चांगलं सर्किट असेल तर शंभरेक लुमेनचा (लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप) उजेड दीड-दोन तास मिळतो आणि अडचणीच्या वेळी कुठलाही साधा पेन्सिल सेल घालून काम भागतं. तीन बारक्या सेलचा पिंजरा असलेले टॉर्च सगळ्यात स्वस्त असतात, पण ते मी टाळतो. बरेच चार्जर सेल जोडीजोडीने घेतात, मग तिसरा एकटा उरतो. आणि तिघांतला एक आधी संपला की उरलेले दोघे त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतात, त्याची धन-ऋण टोकं उलटी होतात आणि त्यात तो कायमचा जाऊ शकतो. रात्री लांब चालणं असेल, शेताला फेरी असेल, तर मात्र १८६५० वाला घ्या. त्यात चार्जिंगची पिन असली तर उत्तमच, पण सेल बाहेर काढता येतो ना, ते आधी बघा. बंदिस्त सेल म्हातारा झाला की धडधाकट टॉर्चही त्याच्याबरोबर सती जातो.

आता लुमेन. खोक्यावर मोठ्या अक्षरात १,००० लुमेन आणि खाली ३ तास. वाचणारा म्हणतो, वा, तीन तास हजार लुमेन! एफएल-१ नावाचं मोजमापाचं एक मानक आहे, २००९ साली आलेलं. त्यानुसार उजेड मोजतात टॉर्च लावल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत. आणि वेळ धरतात उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे हजाराचा शंभर झाला तरी घड्याळ चालूच. यात कुणी खोटं बोललेलं नाही, फक्त आपण दोन आकडे नको तसे जोडले. शिवाय एवढासा टॉर्च हजार लुमेनवर काही मिनिटांतच चटका बसावा इतका तापतो आणि स्वतःच उजेड कमी करतो. किती लांब दिसेल तो आकडाही असाच वाचायचा. समोरच्या वस्तूवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. तो पाव लक्सवर, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर तिथे छापलेलं असतं. तेवढ्या उजेडात माणूस दिसतो, पण कोण आहे ते ओळखू येईलच असं नाही. आणि ज्या खोक्यावर मानकाचं नावच नाही, तिथले आकडे मी वाचतच नाही.

आपला डोळाही हिशेबाला कच्चा आहे. उजेड दुप्पट केला तरी त्याला जेमतेम फरक कळतो, दुप्पट वाटायला साधारण चौपट लागतो. म्हणून कमाल उजेडापेक्षा किमान किती ते विचारा. रात्री पाणी प्यायला उठलात तर एक-दोन लुमेन पुरतात, आणि शेजारी झोपलेलं माणूस जागं होत नाही. काही टॉर्च बटण दाबताच आधी पूर्ण उजेड ओकतात, मग लुकलुकतात, मग कुठे मंद होतात. असला टॉर्च मी परत केला आहे. मंद उजेड बटणाच्या पहिल्या दाबाला मिळाला पाहिजे.

तोंड पुढेमागे सरकवून झोत लहान-मोठा करायची सोय दुकानात फार आवडते. पण त्या सरकत्या जागेतून पाणी आणि धूळ आत जाते. साधा रिफ्लेक्टर असलेला टॉर्च बरा. टॉर्च पाणी किती सोसतो ते आयपीएक्स या आकड्यावरून कळतं. पावसासाठी आयपीएक्स-४ पुरे, पाण्यात पडायची भीती असेल तर आयपीएक्स-७ बघा, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतो.

शेवटचं एक, कारण यानेच अनेकांचा टॉर्च रिकामा होतो. बाजूला बारीक बटण असलेल्या टॉर्चचं सर्किट बंद असतानाही जागं असतं आणि थेंब थेंब वीज पीत राहतं. टॉर्च ठेवून देताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. पुष्कळ टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो, तेवढ्यानेच संपर्क तुटतो. तुटला की नाही, ते बटण दाबून लगेच कळेल. तरीही पेटला, तर सेल काढून शेजारी ठेवा. आणि झाकण घट्ट करायचं आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा त्या सैल झाकणापायी टॉर्च बिघडला म्हणून दुरुस्तीला निघाला होता.

नमस्कार.