पाळी पुढे ढकलायची गोळी

(दृश्य : स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर. एका तारखेभोवती पेनाने केलेला गोल.)

आज हरतालिका, उद्या गणपती, मग गौरी. आणि तारीख नेमकी याच दिवसांत. मग मेडिकलमध्ये जाऊन, आजूबाजूला कुणी नाही ना बघून, हळूच म्हणायचं, "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." कागदात गुंडाळलेली स्ट्रिप हातात येते. चिठ्ठी बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही. तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. हे शेजारणीलाही पाठ असतं.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं कृत्रिम हार्मोन असतं. दिवसाला 15 मिलिग्रॅम पोटात गेलं, की त्यातल्या थोड्या भागाचं शरीरात इथिनाइल इस्ट्राडिऑल होतं. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत असतं, तेच हे इस्ट्रोजेन. त्याच्यामुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. मग एखादीच्या पोटरीच्या शिरेत गुठळी धरते, तिथून सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. क्वचित ती मेंदूतल्या शिरेतच धरते, आणि तिशीतल्या बाईला स्ट्रोक येतो.

बहुतेकींना काहीच होत नाही, हेही खरं. गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या 10,000 जणींमागे वर्षाला 1 ते 5 जणींच्या शिरेत गुठळी होते. घेणाऱ्यांमध्ये 3 ते 9. गरोदरपणात हाच आकडा 5 ते 20 असतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून माला-एन घेत असाल, तर हे ऐकून ती परस्पर बंद करू नका.

प्रश्न आहे तो न विचारताच गोळी देण्याचा. बीपी आहे का? पूर्वी तुम्हाला किंवा घरात कुणाला गुठळी झाली होती का? अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात का? पस्तिशी उलटली आहे आणि सिगारेट ओढता का? नुकतंच बाळंतपण झालंय का? विचारायला अर्धं मिनिट लागतं. काउंटरवर तेवढंही कुणी थांबत नाही.

(दृश्य : ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या, वर झाकण.)

त्यात हरतालिकेचा निर्जळी उपवास. अंगातलं पाणी कमी झालं, की मेंदूतल्या शिरेत गुठळी धरायला आणखी वाव मिळतो. डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात. घरातले म्हणतात, "पित्त झालंय, उपवासाचं. झोप जरा." दुसऱ्या दिवशीही डोकं थांबत नाही, नजर धूसर होते, एका हातातली शक्ती जाते, किंवा फिट येते. तेव्हा कुठे धावाधाव करून दवाखान्यात नेतात.

तिथे डॉक्टर विचारतात, "काही गोळ्या चालू आहेत का?"

सासूबाई सांगतात, "नाही हो, तिला कसलंच औषध नाही."

स्ट्रिप अजून पर्समध्येच असते.