बुडबुडे थांबले, पण...

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला १९६३ सालापर्यंत परवाना लागायचा. तो रद्द झाला आणि जिन्याखालच्या कपाटांत बादल्या फसफसू लागल्या. लीड्सला राहत असताना मीही अशीच एक बादली लावली होती.

वीस लिटर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा, त्यात एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट, खोलीत १९ अंश सेल्सिअस. पहिले दहा तास सामसूम. मी तीनदा झाकण उघडून बघितलं. विरजण लावलेलं भांडं असं उघडलं की लहानपणी आईचा धपाटा बसायचा! खरं तर त्या वेळात काढ्यात विरघळलेला प्राणवायू घेऊन यीस्टच्या पेशी आपलं पटल बळकट करत असतात, पुढे एकीच्या दोन होण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पिवळट फेसाचा जाड थर वर आला.

चौथ्या दिवशी फेस बसला, एअरलॉकमधले, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतले, बुडबुडे थांबले. मी बाटल्याही धुतल्या. हायड्रोमीटर बुडवला, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते सांगणारी काचेची नळी; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. तर १.०२०! सुरुवात १.०४५ ला होती, उतरायला हवं होतं १.०१२ च्या आसपास.

झालं असं, की काही इंग्रजी यीस्ट भारी गुठळ्या करतं. साखर शिल्लक असतानाच पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात. यॉर्कशरच्या जुन्या ब्रुअरींना ही खोड चांगली ठाऊक. टॅडकास्टरला सॅम्युअल स्मिथकडे अजूनही पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद आहेत. अशा हौदांत खालची बिअर पंपाने उचलून वर जमलेल्या यीस्टवर सोडायची, म्हणजे ते पुन्हा कामाला लागतं.

माझ्याकडे कुठला पंप! बादलीला घोंगडी गुंडाळली, २१ अंशांवर आणली आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवली. घुसळायचं मात्र नाही, या टप्प्यावर हवा शिरली की बिअर शिळकट लागते. तीन दिवसांनी १.०१२. आधी येणारा लोण्यासारखा वासही गेला. तो डायअसेटिल नावाच्या रसायनाचा. त्याचं मूळ यीस्टच्याच कामात, आणि जागं असलं तर यीस्टच ते परत शोषून घेतं, जेवणाऱ्याने आपलं ताट आपणच घासावं तसं.

त्या दिवशी १.०२० ला बाटल्या भरल्या असत्या, तर उरलेली साखर आतच आंबली असती आणि मी जिन्याखाली काचा वेचत बसलो असतो. बुडबुड्यांचं उलटंही होतं बरं का. खोली तापली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि यीस्ट कधीच झोपलेलं असूनही एअरलॉक बुडबुडत राहतो. आता दोन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर तोच आकडा आला, तरच मी बाटल्या काढतो.