शंख टाकून दिलेल्यांचं घर

हे जे पांढरं, चपटं, होडीच्या आकाराचं माझ्या हातात आहे, ते पुढच्या रांगेपासून हातोहात मागे जाऊ द्या. जरा जपून, नखानंही चरा पडतो. याला आपण समुद्रफेन म्हणतो. नाव गोड आहे, पण फसवं आहे. समुद्राच्या फेसाशी याचा काही संबंध नाही. हे कटलफिश नावाच्या समुद्री प्राण्याच्या पाठीच्या आत होतं आणि हा त्याचा शंख आहे.

शंख म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या. पण ऑक्टोपस, स्क्विड आणि कटलफिश हे गोगलगाईचे, शिंपल्यांचे भाऊबंद. मृदुकाय घराण्यातले. अंग मऊ, म्हणून वर कवच, अशी या घराण्याची जुनी सोय. यांचे पूर्वजही कवचातच राहायचे. त्यांच्यातला नॉटिलस आजही राहतो. बाकीच्यांपैकी कुणी कवच अंगाच्या आत घेतलं, कुणी ते पातळ करत नेलं, कुणी जवळजवळ टाकूनच दिलं. या प्राण्यांच्या ज्या करामती आपण ऐकतो, रंग बदलणं काय, शाई सोडणं काय, बुद्धी काय, त्यातलं बरंचसं मला या एका घटनेपाशी येऊन थांबतं. घर सोडलं, अंग उघडं पडलं. मग राहायचं कुठे आणि कसं?

ऑक्टोपस परग्रहावरचा वाटतो, असं लिहायची हल्ली फॅशन आहे. मला ते आवडत नाही. तो याच समुद्रातला आहे आणि गोगलगाईचा नातेवाईक आहे. मला विचाराल, तर नवल त्याचंच आहे.

आता तो समुद्रफेन जिथे पोचला असेल, त्यांनी कडेनं बघा. पुस्तकाच्या पानांसारखे थर दिसतील. प्रत्येक थर म्हणजे एक बुटकी खोली. मध्ये बारीक भिंतींचे आधार. नव्वद टक्क्यांहून जास्त जागा पोकळ आहे, म्हणून तो हाताला इतका हलका लागतो. कटलफिश या खोल्यांमधले क्षार शोषून घेतं, क्षारांमागोमाग पाणी बाहेर पडतं आणि रिकाम्या जागेत वायू झिरपतो. तरंगायचं असेल तर पाणी कमी, खाली बसायचं असेल तर जास्त. पाणबुडीचं तत्त्व हेच. पण याची किंमत आहे. खोल्यांत वायूचा दाब कमी असतो आणि बाहेर समुद्राचा दाब जसजसं खाली जावं तसतसा वाढत जातो. फार खाली गेलं की फेन चिरडणार. म्हणून कटलफिश किनाऱ्याजवळच्या, फार तर काहीशे मीटर खोल पाण्यातलं. आत घेतलेलं घरही शेवटी सीमा आखून देतंच.

उथळ पाण्यात उजेड असतो, आणि उजेड म्हणजे बघणारे डोळे. तिथे कटलफिशचं खरं कवच म्हणजे त्याची कातडी. कातडीत रंगाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला चहूबाजूंनी स्नायू जोडलेले. स्नायू आखडले की पिशवी ताणून पसरते, ठिपका दिसतो. सैल पडले की ठिपका मिटतो. सरडा रंग बदलतो, पण त्याला वेळ लागतो. इथे स्नायूंना थेट मेंदूकडून नसा जातात, त्यामुळे काम सेकंदाच्या आत होतं. वर कातडीला उंचवटे काढता येतात, म्हणजे रंगाबरोबर खरखरीतपणाचीही नक्कल. आणि हे सगळं करणारा प्राणी, जितकं तपासलं गेलंय त्यावरून, रंगांधळा आहे! त्याच्या डोळ्यात रंग ओळखणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं. तरी तो आसपासच्या रंगात मिसळतो कसा, यावर अजून वाद चालू आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला स्पेन्सर आखाताच्या वरच्या टोकाशी, व्हायला गावाजवळ, मे ते ऑगस्टमध्ये हजारोंनी कटलफिश जमतात. तिथल्या खडकांच्या कपारींत अंडी चिकटवायला जागा मिळते, म्हणून. मोठे नर माद्यांवर पहारा देत फिरतात, अंगावर पट्टे पळवत एकमेकांना दटावतात. लहानखुऱ्या नरांचा तिथे निभाव लागत नाही. मग त्यांतला एखादा मादीसारखा रंग घेतो, हात मादीसारखे आखडून धरतो आणि पहारेकऱ्याच्या नाकाखालून आत शिरतो. पहारेकरी कधीकधी त्याच्यावरच भाळतो.

स्क्विडचं मात्र वेगळं. मराठीत कटलफिश आणि स्क्विड दोघांनाही सरसकट माकूल म्हणतात, पण राहणी पाहिली तर दोघांचा मेळ नाही. स्क्विडनं कवच इतकं पातळ केलंय की आत उरते फक्त पारदर्शक, पिसाच्या आकाराची पट्टी. तो मोकळ्या पाण्यातला. तिथे खडक नाही, वाळू नाही, लपायला आडोसाच नाही. मग आडोसा उजेडाचाच करायचा. काचेसारखे पारदर्शक स्क्विड आहेत. त्यांची दोन अडचणीची ठिकाणं म्हणजे डोळे आणि यकृतासारखी पचनग्रंथी. ती ग्रंथी ते कायम उभी धरतात, म्हणजे खालून पाहणाऱ्याला सावली कमीत कमी. डोळ्यांखाली चमकणारे अवयव असतात, त्यांच्या उजेडानं डोळ्यांची सावली पुसली जाते. हवाईजवळचा एक अंगठ्याएवढा बॉबटेल स्क्विड तर पोटात चमकणारे जिवाणूच पाळतो. रात्री त्यांच्या उजेडात आपली सावली मिटवतो, पहाटे त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेर सोडून देतो आणि वाळूत गुडुप होतो.

खोल पाण्यातल्या स्क्विडबद्दल आपल्याला इतकं कमी माहीत होतं, की महाकाय स्क्विडचा जिवंत अवस्थेतला, समुद्रातला पहिला फोटो निघाला तो थेट २००४ साली. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ, सुमारे ९०० मीटर खोलीवर, त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी या संशोधकांनी तो मिळवला. कलोसल स्क्विड या दुसऱ्या प्रचंड जातीचं शास्त्रीय वर्णन झालं १९२५ मध्ये, तेही स्पर्म व्हेल या देवमाशाच्या पोटात सापडलेल्या हातांवरून. तो आपल्या घरी, पाण्यात, कॅमेऱ्यात सापडला २०२५ मध्ये. शंभर वर्षं लागली, आणि दिसलं ते जेमतेम ३० सेंटिमीटरचं पिल्लू.

ऑक्टोपसकडे आतली पट्टीही जवळपास उरली नाही. अंगात एकच ठळक कठीण वस्तू, पोपटासारखी चोच. चोच जिथून जाईल तिथून साधारण सगळा प्राणी जातो. त्यामुळे कुठलीही फट त्याला घर वाटू शकते, आणि दिवसाचा मोठा भाग तो अशा एखाद्या कपारीत काढतो. दारात दगड ओढून घेतो. समुद्रात बुडी मारणाऱ्यांना त्याचं घर सापडतं ते उकिरड्यावरून: दाराबाहेर शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा ढीग असतो.

शिकारीला निघालेला ऑक्टोपस बघण्यासारखा असतो. डोळ्यांनी तो खडक बघतो, पण खडकाखालचं बघायचं काम हातांचं. एक हात फटीत जातो, टोक वळतं, हातावरच्या चिकटणाऱ्या वाट्या, म्हणजे चोषक, एकेक करून आतल्या भिंतीला लागत जातात. हे चोषक नुसते चिकटत नाहीत, चवही घेतात. म्हणजे खेकडा दिसायच्या आधीच त्याची चव कळलेली असते. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोनतृतीयांश हातांमध्ये आहेत. यावरून ‘नऊ मेंदू’, डोक्यात एक आणि आठ हातांत आठ, असं लिहिलं जातं. वाक्य चटकदार आहे, पण मेंदू एकच आहे. हातांना बऱ्याच बाबतींत त्याला विचारावं लागत नाही, इतकंच. आणि त्या मेंदूतून अन्ननलिका आरपार जाते. घास मोठा घेतला तर काय होईल, याची कल्पना करा.

इंडोनेशियाच्या समुद्रात वाळूच्या उघड्या तळावर राहणारा एक ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या गोळा करतो. दोन करवंट्या एकात एक बसवून पोटाखाली धरतो आणि हात काठ्यांसारखे ताठ करून तुरुतुरु चालत जातो. धोका दिसला की आत बसतो, दुसरी वरून ओढून घेतो. हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. मला मात्र त्यात जुनी सवय दिसते: पूर्वजांनी टाकलेला शंख हा वाळूतून उचलून आणतोय.

त्याहून एक पाऊल पुढे आर्गोनॉटची मादी. हीसुद्धा ऑक्टोपसच, पण मोकळ्या समुद्रात राहते आणि कागदासारखा पातळ, देखणा शंख घेऊन फिरते. हा शंख ती दुसऱ्या कुणाचा चोरते, असा जुना समज होता. सिसिलीत मेसिनाला राहणाऱ्या जान व्हिलप्र-पॉवर या बाईंनी १८३०च्या दशकात काचेच्या टाक्या बनवून घेतल्या, त्यात आर्गोनॉट ठेवले, शंखाला छिद्रं पाडली आणि वाट पाहिली. मादीनं आपल्या दोन रुंद हातांतून पाझरणाऱ्या द्रव्यानं छिद्रं बुजवली. चोरीचा आरोप मिटला. हा शंख पूर्वजांचा नव्हे, तो नव्यानं केलेला आहे, अंड्यांसाठी.

अंडी म्हटलं की ऑक्टोपसच्या आयुष्याचा शेवट जवळ आला. मादी एकदाच अंडी घालते, त्यांच्यावर ताजं पाणी सोडत राहते, खाणं बंद करते. डोळ्यांमागच्या दोन बारीक ग्रंथी यामागे आहेत. जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञांनी त्या काढल्या, तर माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. ते १९७७ साली प्रसिद्ध झालं.

कॅलिफोर्नियाजवळ समुद्राखालच्या मॉन्टेरे दरीत, सुमारे १४०० मीटर खाली, तीन अंशांच्या पाण्यात, ब्रूस रॉबिसन या शास्त्रज्ञांच्या गटाला, वरून चालवायच्या यंत्राच्या कॅमेऱ्यातून, २००७ मध्ये एक मादी खडकाकडे जाताना दिसली. पुढच्या फेरीत ती उभ्या कड्यावर अंड्यांवर बसली होती. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू यायची. पुढच्या चार वर्षांत ते पुन्हापुन्हा गेले. दर वेळी ती तिथेच. रंग फिका होत गेला, कातडी सैल पडली, डोळे गढूळ झाले. आजूबाजूनं खेकडे-कोळंबी जायचे, तिनं ढुंकून पाहिलं नाही. यंत्राच्या हातानं खेकड्याचा तुकडा पुढे केला, तोही घेतला नाही. एकूण ५३ महिने. कुठल्याही प्राण्यानं इतका काळ अंडी सांभाळल्याची दुसरी नोंद नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये यंत्र खाली उतरलं तेव्हा कड्यावर कुणी नव्हतं. खडकाला अंड्यांची रिकामी, फाटलेली आवरणं लोंबत होती.