शॅम्प्लेन सरोवरावरची हार

नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर कॅनडा, ब्रिटिशांच्या ताब्यातला. खाली न्यूयॉर्क आणि हडसन नदी. मधे दक्षिणोत्तर पसरलेलं शॅम्प्लेन सरोवर. १७७६ साली इथे जंगलच जंगल. फौज, तोफा, दाणागोटा, जे न्यायचं ते पाण्यावरूनच. ब्रिटिश फौज या वाटेने हडसनवर उतरली, तर ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी उठलेल्या बंडखोर अमेरिकन वसाहतींचे दोन तुकडे होणार.

कॅनडावरची अमेरिकन मोहीम फसली होती. देवीच्या साथीने पोखरलेली सेना माघारी आली आणि सरोवराच्या दक्षिण टोकाला, स्कीन्सबरोत, बेनेडिक्ट अर्नॉल्डच्या देखरेखीखाली आरमार आकाराला येऊ लागलं. अर्नॉल्ड सेनाधिकारी असला तरी मूळचा व्यापारी. स्वतःच्या जहाजांवरून वेस्ट इंडिजपर्यंत जाऊन आलेला. सुतार भरघोस मजुरी कबूल करून किनाऱ्यावरच्या बंदरांतून आणले. लाकूड ओलं, वाळवायला सवड कुणाला? बऱ्याचशा होड्या सपाट तळाच्या, एका डोलकाठीच्या, नाळेवर एक मोठी तोफ. खलाशी मागवले, तर आले बहुतेक पायदळातले शिपाई.

पलीकडे ब्रिटिशांची अडचण वेगळीच. सरोवरातून कॅनडाकडे वाहणाऱ्या रिशेल्यू नदीत खळाळ आहेत, मोठं जहाज सरोवरात येईना. मग त्यांनी ‘इन्फ्लेक्सिबल’ नावाचं जहाज चक्क खोललं, सुटे भाग खळाळांच्या वर, सेंट जॉन्सला नेले आणि २८ दिवसांत पुन्हा उभं केलं. १८ तोफांचं. कारागिरीला दाद द्यावीच लागते. पण या जहाजासाठी थांबता थांबता ऑक्टोबर उजाडला.

११ ऑक्टोबर. वारा उत्तरेचा. अर्नॉल्डने आपली १५ गलबतं व्हॅल्कूर बेटाआड, चंद्रकोरीसारखी नांगरून ठेवली होती. ब्रिटिश गव्हर्नर गाय कार्लटनचा ताफा पाठीवर वारा घेऊन भरधाव आला आणि बेट मागे टाकून पुढे गेला. शत्रू दिसला तेव्हा वळून उलट्या वाऱ्याशी झुंजत वर यावं लागलं. अर्नॉल्डला हेच हवं होतं.

तरीही मार अमेरिकनांनीच खाल्ला. ‘रॉयल सॅव्हेज’ खडकावर चढलं. ‘फिलाडेल्फिया’ संध्याकाळी बुडालं. ते १९३५ साली तळातून वर काढलं आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. रात्री धुकं पडलं. वल्ह्यांना कापड गुंडाळून, मागच्या टोकाला झाकलेला एकेक कंदील टांगून, उरलेली गलबतं एकामागोमाग एक शत्रूच्या बगलेतून निसटली. दोन दिवसांनी ब्रिटिशांनी गाठलंच. अर्नॉल्डने स्वतःचं गलबत किनाऱ्याला घालून, निशाण न उतरवता पेटवून दिलं. आरमार जवळजवळ संपलं.

मग कार्लटन हडसनवर उतरला का? नाही. हिवाळा तोंडावर, समोर अमेरिकनांच्या हातातला टिकोंडेरोगाचा किल्ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो कॅनडात परतला. पुढच्या वर्षी ब्रिटिश जनरल बर्गॉइन याच वाटेने आला, तोवर अमेरिकनांना तयारीला वेळ मिळाला होता. १७ ऑक्टोबर १७७७ ला साराटोगाला त्याने शरणागती पत्करली, आणि काही महिन्यांत फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उभा राहिला.

समुद्रावर काँग्रेसची, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या मध्यवर्ती सभेची, स्थिती केविलवाणीच होती. १७७५ साली मंजूर केलेल्या १३ फ्रिगेटांपैकी (मध्यम आकाराच्या, वेगवान युद्धनौका) युद्ध संपेपर्यंत एकही उरली नाही. काही पकडली गेली, काही आपल्याच हातांनी जाळली गेली. आणि निर्णायक लढाई? ५ सप्टेंबर १७८१, चेसापीक उपसागराच्या तोंडाशी. २४ फ्रेंच युद्धनौका, १९ ब्रिटिश, अमेरिकन एकही नाही. ब्रिटिश ताफा मागे फिरला. यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अडकला तो कायमचाच.

चेसापीकच्या लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, कनेक्टिकटमधलं न्यू लंडन बंदर जळत होतं. अमेरिकन खासगी लढाऊ जहाजांचा तो मोठा तळ. आग लावणाऱ्या ब्रिटिश फौजेचा सेनापती जवळच्याच नॉर्विच गावात जन्मला होता. बेनेडिक्ट अर्नॉल्ड. वर्षभरापूर्वीच तो फितूर झाला होता.