व्हेंटिलेटर काढताना

आज एकाच निर्णयाबद्दल बोलतो. बरा होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाचा व्हेंटिलेटर काढणं. मरणासन्न माणसाच्या उपचारांतले बहुतेक नैतिक प्रश्न इथे एकत्र येतात.

हा प्रश्न जवळजवळ यंत्राइतकाच जुना. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रुग्णांना हवा द्यायला सुरुवात केली. वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत बसत. पाचच वर्षांत, १९५७ साली, भूल देणारे डॉक्टर कॅथलिक धर्मगुरू पोप बारावे पायस यांना विचारत होते, आशा नसताना हे चालू ठेवायलाच हवं का? असाधारण उपाय चालवत राहण्याचं बंधन नाही, असं उत्तर मिळालं. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन अॅन क्विनलन या तरुणीचा व्हेंटिलेटर काढायला परवानगी दिली. तो काढला, आणि ती स्वतःच श्वास घेत राहिली, थेट १९८५ पर्यंत. ‘काढलं म्हणजे मारलं’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर लक्षात ठेवावं.

उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेले थांबवणं, यांत नीतीच्या दृष्टीने फरक नाही, असं वैद्यकीय नीतिशास्त्रात बहुतेक जण मानतात. मनाला मात्र फरक वाटतो, आणि त्यातून नुकसान होतं. ‘एकदा लावलं की काढता येणार नाही’ या भीतीने ज्याला कदाचित फायदा झाला असता त्यालाही आपण लावत नाही. यावर मुदतीची चाचणी हा चांगला मार्ग आहे. तीन दिवस सर्व उपचार द्यायचे, आणि काय पाहणार ते आधीच फाइलमध्ये लिहायचं: रक्तदाबाच्या औषधाचा डोस उतरतोय का, लघवी होतेय का, शुद्ध येतेय का. मुदत संपली की खरोखर बसून बोलायचं. चाचणी फसते ती इथेच. चौथ्या दिवशी दुसरी टीम कामावर असते आणि विषय कोणी काढत नाही.

नातेवाइकांना ‘तुमचं काय ठरलं?’ असं कृपा करून विचारू नका. त्या प्रश्नाने मृत्यूचा निर्णय मुलाच्या डोक्यावर बसतो. ‘त्यांना आज बोलता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते?’ असं विचारा, आणि वैद्यकीय सल्ला स्वतः द्या. तो देण्याची जबाबदारी आपली आहे.

आता प्रत्यक्ष काम. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर आधी ते बंद करा आणि त्याचा असर पूर्ण उतरल्याची खात्री करा. असर शिल्लक असताना यंत्र काढलं तर माणूस आत गुदमरतो आणि चेहऱ्यावर सुरकुतीही उमटत नाही. बाहेरून सगळं शांत दिसतं. यासारखी भयंकर चूक दुसरी नाही. छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर तो निष्क्रिय करून घ्या. नळीतून देत असलेलं अन्न काही तास आधी थांबवा, मॉनिटरचे आवाज बंद करा.

त्रास सुरू होण्याआधीच औषध पोचलेलं हवं. ज्याला अफूजन्य औषधांची सवय नाही त्याला शिरेतून मॉर्फिन २ ते ५ मिलिग्रॅम, सोबत मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध १ ते २ मिलिग्रॅम. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनचे अवशेष साठतात, झटके येतात; तिथे फेंटानिल हे दुसरं अफूसारखं औषध बरं. मग ऑक्सिजन २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका, आणा, यंत्राचा आधार दहा-वीस मिनिटांत पायरीपायरीने उतरवा. श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला, नाकपुड्या फुलल्या, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, की थांबा, पुन्हा औषध द्या, मग पुढची पायरी.

इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, न देता नुसता ड्रिपचा वेग वाढवणं. मॉर्फिनचं अर्धायुष्य दोन ते चार तासांचं. वाढवलेल्या वेगाचा पूर्ण परिणाम दिसायला त्याच्या चार-पाच पट वेळ लागतो. तोवर रुग्ण तडफडतो आणि घाबरलेला निवासी डॉक्टर वेग आणखी वाढवत जातो.

‘मॉर्फिनने श्वास थांबला तर?’ ही शंका रास्त आहे. त्रास शमवण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाने मृत्यू थोडा लवकर येण्याचा धोका पत्करता येतो, मृत्यू घडवण्याच्या हेतूने मात्र ते देता येत नाही, हा दुहेरी परिणामाचा जुना सिद्धांत. हेतू दिसत नाही असा आक्षेप यावर घेतात. मला तो पटत नाही. २ मिलिग्रॅम, दहा मिनिटं निरीक्षण, श्वास ३४, पुन्हा २ मिलिग्रॅम, श्वास २२, चेहरा सैल, डोस थांबवला: या नोंदीत हेतू स्पष्ट दिसतो. कारण न लिहिता एकदम दिलेल्या ५० मिलिग्रॅममध्येही तो दिसतो.

कुटुंबाला आधीच सांगा की मृत्यू काही मिनिटांत येईल किंवा काही दिवस लागतील. घरघर लागली तर रुग्णाला कुशीवर वळवा. ग्लायकोपायरोलेट हे स्राव कमी करणारं औषध द्यायचं तर लवकर द्या. साठलेला स्राव त्याने आटत नाही. आणि रात्रपाळीच्या सिस्टरसाठी ‘गरजेनुसार’ एवढंच लिहून जाऊ नका. कोणतं लक्षण, किती डोस, किती मिनिटांनी पुन्हा आणि कोणाला फोन, हे चारही लिहा. नाहीतर पहाटे तीनला परवानगीची वाट पाहण्यात तास जातो आणि तो तास रुग्णाला सोसावा लागतो.