सोडियम कमी आलं? मिठाचा डबा आधी खाली ठेवा!

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये रोज तोच प्रश्न: "ताई, रिपोर्टमध्ये सोडियम १२८ आलंय, मीठ किती वाढवू?" अहो, थांबा जरा.

बेसिक पटकन उरकते. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात, त्यात जवळजवळ दीड किलो मिठाएवढं सोडियम असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात जातं. शेवटची बारीक काटछाट अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन करतं. झालं बेसिक.

खरी गोची पुढे आहे. रिपोर्टमधला आकडा, नॉर्मल १३५ ते १४५, अंगात एकूण सोडियम किती ते सांगतच नाही. लिटरमागे किती, एवढंच सांगतो. आणि पाणी किती धरून ठेवायचं ते ठरवतं एडीएच. हे हार्मोन मेंदूतून सुटतं आणि मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमधून पाणी परत आत खेचायला लावतं. पाणी वाढलं की आकडा उतरतो. मीठ होतं तेवढंच आहे!

अजून पटत नाही? माझ्या मामांचे पाय सुजलेले, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. अशी सूज म्हणजे अंगात सोडियम जास्तच. तरी रिपोर्ट १२९! हृदय कमजोर, म्हणून मूत्रपिंडांनी मीठ धरून ठेवलं आणि पाणी त्याहून जास्त. घरचे मिठाचं पाणी पाजायला निघाले होते. डॉक्टरांनी पाणीच मोजून द्यायला सांगितलं.

एक दादा हट्टानं लिहितात, "सलाइन लावलं की वाढणारच." उलट्या-जुलाबांनी मीठ-पाणी दोन्ही गेलं असेल तर हो, वाढेल. पण एडीएच विनाकारण सुटत असेल तर? लिटरभर नॉर्मल सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ. लघवी पुरेशी दाट असेल तर मूत्रपिंड ते सगळं अर्ध्या लिटरमध्येच बाहेर टाकतं. मागे राहिलं अर्धा लिटर नुसतं पाणी. आकडा आणखी खाली! म्हणून डॉक्टर लघवीतलं सोडियमही तपासायला सांगतात. उगाच टेस्ट लावत नाहीत हो.

आणि ते "दिवसाला पाच लिटर पाणी प्या"वाले रील्स मला पाठवणं बंद करा, प्लीज.

१२८ आलं असेल तर चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा. जुनं कमी झालेलं सोडियम २४ तासांत ८-१० पेक्षा जास्त चढवत नाहीत, मेंदूला इजा होऊ शकते. ते काम घरी करायचं नाही.