स्लाइड सरकते, तशी नळीही सरकायला हवी

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांकडे स्लाइडवाली मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी आहे, त्यामुळे स्लाइड म्हणजे मुक्कामी बटण दाबून बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, यापलीकडे सांगण्यात वेळ घालवत नाही. फक्त एक चित्र डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर स्लाइडमध्ये असलं की सिंक, शेगडी आणि बऱ्याचदा फ्रिजसुद्धा अडीच-तीन फूट बाहेर जातो आणि परत आत येतो. पाण्याची टाकी, पंप, हीटर, सांडपाण्याची टाकी या मात्र बहुतेक गाड्यांत चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जखडलेल्या. मग थंड पाणी, गरम पाणी, सांडपाणी आणि गॅस या चार नळ्यांनी काय करायचं? बटण दाबलं की वाकायचं, पुन्हा दाबलं की सरळ व्हायचं. हे त्यांनी वर्षानुवर्षं करावं अशी आपली अपेक्षा असते.

माझा मुद्दा एवढाच आहे की यातल्या बहुतेक गळत्या हालचालीमुळे होतात. पाणी टपकतं सांध्यातून, म्हणून आपण सांधा बदलतो. तो सांधा मोसमभर टिकतो आणि मग पुन्हा टपकतो, कारण नळीला ओढणारी गोष्ट तिथेच राहिलेली असते. तेव्हा आधी स्लाइड हलवून नळी कशी चालते ते बघा आणि मगच पाना हातात घ्या. बिघाड शोधण्याची पायरी-पायरीची पद्धत सांगेन असं निमंत्रणात छापलं होतं. त्याकडे येतोच, पण आधी झिप-टायबद्दल, म्हणजे जुडगा आवळायच्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल बोलू द्या.

किती जणांच्या टूलबॉक्समध्ये झिप-टाय आहेत? सगळ्यांच्याच! उत्तम. वायरींसाठी तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. पण कारखान्यात काय करतात बघा. १२ व्होल्टच्या वायरी, १२० व्होल्टची केबल आणि पाण्याच्या दोन नळ्या असा एकच जुडगा बांधतात आणि तो स्लाइडच्या रुळाजवळच्या ब्रॅकेटला करकचून आवळतात. पेक्सची, म्हणजे पाण्याची लवचिक प्लास्टिकची नळी तिथून पुढे हलू शकत नाही, म्हणून ती दर वेळी त्या टायच्या कडेलाच वाकते. आपण तार एकाच जागी उलटसुलट वाकवून तोडतो ना, तसंच हे. आधी त्या जागी पांढुरका पट्टा दिसतो, मग बारीक भेग जाते आणि एखाद्या थंड सकाळी पंपाचा दाब आला की फवारा उडतो. गरम पाण्याची नळी उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे ती लवकर मोडते. पेक्स ७३ अंश फॅरनहाइटला १६० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब सोसते, पण १८० अंशांना १०० पीएसआयच. आणि आवळलेल्या टायची कडा हलत्या नळीला घासते ते वेगळंच.

यावर उपाय स्वस्त आहे. नळीला पकड हवीच, पण ती रबर लावलेल्या पी-क्लॅम्पची, म्हणजे इंग्रजी P च्या आकाराच्या पकडीची हवी आणि हलत्या भागाच्या फक्त दोन टोकांना हवी. मधला वळसा मोकळा सोडायचा. अर्ध्या इंची पेक्सचा बाहेरचा व्यास ५/८ इंच असतो. तिच्या वळणाची त्रिज्या व्यासाच्या आठपट, म्हणजे निदान ५ इंच ठेवायची. त्याहून घट्ट वळवली की ती चपटी होऊन मोडते.

आता वळशाची लांबी. हे कोणी सांगत नाही आणि इथेच सगळं चुकतं. चासीकडची पकड स्लाइडच्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर ठेवली, तर लांबी निघते प्रवासाचा अर्धा भाग अधिक वळणाची अर्धी परिघरेषा. स्लाइड ३६ इंच सरकत असेल तर १८ इंच, त्यात ३.१४ गुणिले ५ म्हणजे सुमारे १६ मिळवा, झाले ३४. वर पाच-सहा इंच सैल सोडा आणि ४० इंचांची नळी दोन पकडींच्या मध्ये ठेवा. तीच पकड प्रवासाच्या एका टोकाला लावली, तर पूर्ण ३६ अधिक १६ असे ५२ इंच लागतात, सैल वेगळं. म्हणजे पकड सहज हाताला येते तिथे लावली की नळी हमखास तोकडी पडते. आणखी एक. स्लाइड ३६ इंच गेली की वळशाचं टोक १८ इंच सरकतं. त्या १८ इंचांत रूळ, गिअर किंवा कुठल्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूचं टोक आड येत नाही ना, ते बोट फिरवून तपासा. बोट अर्थातच स्लाइड थांबलेली असताना फिरवायचं. जागा असेल तर प्लास्टिकची ड्रॅग चेन, म्हणजे आतून नळी नेणारी कड्यांची साखळी बसवा, ती वळणाची त्रिज्या स्वतःच सांभाळते.

दुसरी तक्रार तळाची. गाडीच्या पोटाला पन्हळी प्लास्टिकचा, म्हणजे कोरोप्लास्टचा तक्ता लावून टाकतात. ज्या नळ्या सर्वांत जास्त हलतात त्या त्याच्या वर असतात आणि बघायला झाकण कुठेच नसतं. फटी बुजवायला कारखान्याला वेळ मिळतो, मग एक झाकण लावायला काय होतं? पाणी गळलं की ते तक्त्यावर साचतं, तक्ता फुगतो आणि थेंब पडतो भलत्याच ठिकाणी. फ्रिजखाली ओल दिसली म्हणून फ्रिजच्या मागे शोधू नका, पाणी स्लाइडच्या फळीच्या कडेने बरंच चालत आलेलं असतं. तक्ता कापायचा तर तीन बाजूंनी कापा आणि चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या. पातं जेमतेम तक्त्यापुरतं बाहेर ठेवा, कारण वरच वायरी असतात. काम झालं की मोठे वॉशर घालून स्क्रू लावा आणि कडेला चिकटपट्टी मारा. पुढच्या वेळेसाठी झाकण आपोआप तयार झालं.

गाडीखाली जाण्याआधी मात्र हे ऐका. ज्या डिझेल गाड्यांना एअर सस्पेन्शन आहे, त्यांच्या एअरबॅगमधली, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या फुग्यांमधली हवा गेली की गाडी अचानक खाली बसते. चासीखाली तिचं वजन पेलणारे जॅक-स्टँड लावल्याशिवाय कोणीही डोकं आत घालायचं नाही. गाडी समतल करायच्या लेव्हलिंग जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. आणि स्लाइड सरकताना एक जण बटणावर, एक जण टॉर्च घेऊन लांब उभा. हात आत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्याआधीची गाडी घेतली असेल, तर करड्या रंगाची पॉलिब्युटिलीन (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) नळी निघण्याची शक्यता आहे. तिला सरळ पेक्सचे फिटिंग लावू नका, त्यासाठी वेगळा जोड मिळतो. हलत्या भागातली तर पूर्णच बदला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली म्हणतात. तर ती पायऱ्यांची पद्धत आता भराभर सांगतो.

कॅम्पग्राउंडचा नळ बंद करा, सगळ्या तोट्या बंद करा, पंप चालू करा. दाब भरला की पंप थांबला पाहिजे. काही न उघडता तो मधूनच गुरगुरला, तर दाबाच्या बाजूला गळती आहे किंवा पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडतो आहे. बाहेरच्या नळावर असताना टाकी आपोआप भरत असेल, तर दोष त्या व्हॉल्व्हचा, नळीचा नाही. मग हीच चाचणी स्लाइड पूर्ण बाहेर, अर्ध्यावर आणि पूर्ण आत अशी तीनदा करा. एकाच स्थितीत पंप गुरगुरला की नळीच्या ताणाचा बिघाड सापडला. सांध्यांखाली कोरडा टिशू पेपर ठेवा, थेंबाची जागा तो दाखवतो.

फक्त स्वयंपाकघरात धार बारीक असेल, तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. मग गरम आणि थंड वेगवेगळे सोडून बघा. स्लाइडची जागा बदलल्यावर धार बदलत असेल, तर नळी कुठेतरी मुडपते आहे.

जोडताना पेक्स काटकोनात कापा, दाबून बसवायची तांब्याची कडी टोकापासून १/८ ते १/४ इंचावर ठेवा आणि ती नीट दाबली गेली का ते गो-नोगो गेज या मापकाने तपासा. शंकूच्या वॉशरवाल्या प्लास्टिक नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे, जास्त आवळला तर नटच तडकतो. मऊ विणीच्या नळीवर पुश-फिट सांधा धरत नाही, तिथे बार्ब (नळीत घुसणारं खाचांचं टोक) आणि क्लॅम्पच हवा. पेयजलासाठी प्रमाणित नळीच घ्या. आणि हलत्या नळीच्या अलीकडे, हाताला येईल अशा जागी, थंड आणि गरम दोन्हींवर एकेक बॉल व्हॉल्व्ह बसवा. रात्री दोन वाजता स्वयंपाकघर फुटलं तरी बाथरूम चालू राहतं.

सांडपाण्याचं. ही गळती दाबाने कळत नाही. सिंकमध्ये तीन इंच पाणी भरा, खाण्याचा रंग टाका आणि एकदम सोडा. खाली रंग दिसला की जागा कळली. पाणी हळू जात असेल, तर लवचिक नळीला मध्येच झोळ पडून दुसरा ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून ठेवणारं वळण तयार झालेलं असतं आणि तिच्या आतल्या वळ्यांत तूप-तेल बसतं. आपल्या फोडणीच्या कढया कागदाने पुसून मगच धुवा. नळीला फुटाला पाव इंच उतार हवा, आणि तो स्लाइड बाहेर असताना मोजायचा. गुडगुड आवाज आला तर सिंकखालचा हवेचा व्हॉल्व्ह बदला.

हिवाळ्यात मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्यांनी लक्षात ठेवा की वळशाचा सखल भाग लो-पॉइंट ड्रेनने, म्हणजे नळ्या रिकाम्या करायच्या खालच्या तोटीने रिकामा होत नाही. स्वयंपाकघरातल्या दोन्ही तोट्यांतून गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) दिसेपर्यंत ते पंपाने खेचा, आणि थोडं सिंकच्या ट्रॅपमध्येही ओता. गॅसची नळी घासलेली दिसली तर काही करून बघू नका. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जाणकार तंत्रज्ञाकडून नळी बदलून घ्या. पाण्याची नळी बदलल्यावर मात्र पहिल्या मुक्कामानंतर झाकण उघडून एकदा टॉर्च मारा, नव्या क्लॅम्पजवळ पांढुरका पट्टा दिसला तर वळसा अजून तोकडा आहे.